आयरिश धाटणीची लाल एल: धान्यापासून बाटलीपर्यंत

लाल एल हा बिअरचा एक शांत प्रकार आहे. तिच्यात स्टाउट या काळ्या बिअरचा कडवटपणा नसतो आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, उग्र सुगंधही नसतो. माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, सौम्य गोडी, मध्येच जाणवणारी कॅरॅमलची छटा आणि शेवटी जिभेवर राहणारा किंचित भाजका कोरडेपणा एवढ्यावरच ती उभी असते. आयर्लंडमधील किलकेनी या गावात १७१० साली सुरू झालेल्या स्मिथविक्सच्या भट्टीशी या एलचे नाव जोडले जाते. या प्रकाराला जगभर जी ओळख मिळाली तिच्यात मात्र एनिस्कॉर्थी येथील लेट घराण्याचाही वाटा आहे. त्यांची भट्टी १९५६ मध्ये बंद पडली, पण पुढे त्यांच्याच नावाची लाल बिअर अमेरिकेतील कूर्स कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणली आणि ती लोकप्रिय झाली.

कृतीकडे वळण्याआधी कायद्याची बाजू स्पष्ट करणे आवश्यक आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि त्या हेतूने साहित्य किंवा भांडी बाळगणे हाही गुन्हाच आहे. ‘घरापुरती केली’ ही सबब जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये चालणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याला मोहाच्या फुलांवरून होणाऱ्या कारवाया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. ब्रिटनमध्ये मात्र घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्येच रद्द झाला आणि अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने घरगुती वापरापुरती बिअर करण्याची वाट मोकळी झाली. म्हणून या लेखाचे दोन भाग समजावेत. धान्य, पाणी आणि माल्टचा गोड रस काढण्यापर्यंतचा भाग खान्देशातील स्वयंपाकघरात समजून घेता येतो, कारण तिथपर्यंत हाती असते ते केवळ गोड माल्ट-पेय. यीस्ट टाकण्यापासूनचा भाग मात्र परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींसाठी आणि रीतसर परवाना घेऊन हा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे.

धान्य आणि त्याचे प्रमाण

पुढील प्रमाण १० लिटर एलसाठी आहे. पेल एल माल्ट १ किलो ९०० ग्रॅम, मध्यम रंगाचा म्हणजे साधारण १२० ईबीसीचा (ईबीसी हे रंगाचे माप) क्रिस्टल माल्ट १५० ग्रॅम, आणि भाजलेला जव फक्त ३० ग्रॅम. एकूण धान्याच्या दीड टक्क्याइतकाही नसलेला हा जव सगळ्या एलचा रंग ठरवतो. नवशिक्याचा हात इथेच सैल सुटतो. रंग अजून गडद हवा म्हणून तो ३० ग्रॅमचे १०० ग्रॅम करतो आणि मग हाती येते ती तपकिरी, कॉफीच्या वासाची, नाव नसलेली बिअर. क्रिस्टल माल्टचेही तसेच आहे. तो वाढवला तर लालसरपणा वाढतो खरा, पण सोबत चिकट गोडीही वाढते आणि दुसरा पेला नकोसा होतो. माझ्या मते लाल एल बिघडते ती बहुतेक वेळा काही कमी पडल्याने नव्हे, काही जास्त घातल्याने.

पेल माल्ट आणि क्रिस्टल माल्ट विकत घ्यावेत. जवाला मोड आणून घरी माल्ट करता येतो, पण मोड कुठे थांबवायचे आणि दाणा किती मंद आचेवर वाळवायचा हे न जमल्यास साखर तयार करणारी एन्झाइम्सच मरतात. शिवाय कृषी सेवा केंद्रातून आणलेले पेरणीचे बियाणे या कामासाठी कधीही वापरू नये, कारण त्याला बुरशीनाशक लावलेले असते.

भाजलेला जव मात्र घरी करण्यासारखा आहे, कारण तो माल्ट नसतो. मोड न आणलेला साधा जवच त्यासाठी भाजतात. खोबरे, कांदा आणि खडा मसाला काळपट होईपर्यंत भाजण्याची सवय असलेल्या खान्देशी हाताला हे काम अवघड नाही. खाण्यासाठी विकला जाणारा अख्खा जव १०० ग्रॅम घ्यावा, निवडून लोखंडी कढईत टाकावा आणि मंद ते मध्यम आचेवर सतत हलवत राहावे. आधी दाणे तडतडतील, मग सोनेरी होतील, नंतर तपकिरी रंगावर येऊन धूर सोडू लागतील, तेव्हा खिडक्या उघड्या असाव्यात. वरचा रंग पाहून निर्णय घेऊ नये. एक दाणा सुरीने कापून पाहावा आणि आतला गर कॉफीच्या बीसारखा गडद तपकिरी दिसला की कढई लगेच उतरवून दाणे परातीत पसरावेत, कारण तापलेल्या कढईत ते पुढे करपत राहतात. कोळशासारखा काळा आणि चिमटीत राख होणारा दाणा काढून टाकावा. ताज्या भाजणीला एक झोंबरा वास असतो, तो उडून जाण्यासाठी जव कागदी पिशवीत आठवडाभर ठेवून मगच वापरावा.

आपल्याकडच्या वाचकाच्या मनात इथे दादर ज्वारीचा विचार येणारच. ज्वारीचा स्टार्च जवाच्या स्टार्चपेक्षा अधिक तापमानाला फुलतो, त्यामुळे तिच्या कण्या आधी पूर्ण शिजवून मगच माल्टमध्ये मिसळाव्या लागतात. मलाही तो प्रयोग आकर्षक वाटतो, पण त्यातून येणाऱ्या पेयाला लाल एल म्हणू नये. मक्याचे तसे नाही. अनेक आयरिश लाल एलच्या पाककृतींत थोडा मका असतो आणि त्याने एल अंगाला हलकी होते. २०० ग्रॅम पेल माल्टच्या जागी तेवढ्याच वजनाच्या मक्याच्या कण्या मऊ शिजवून घातल्या तरी चालेल.

माल्ट भरडताना दाण्याचे तीन-चार तुकडे व्हावेत आणि टरफल शक्यतो अखंड राहावे. गिरणीत द्यायचे असेल तर पिठासाठी नव्हे, जाड भरड्यासाठी सांगावे. घरात जाते असेल तर त्याची पाळी थोडी उचलून घ्यावी. पीठ झाले तर रस गाळणे कठीण होते आणि टरफलाचा तुरटपणा उतरतो.

पाण्याची अडचण

तापी आणि गिरणेच्या खोऱ्यातील विहिरींचे आणि बोअरवेलचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. भांड्याच्या तळाशी आणि गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर हा त्याचा रोजचा पुरावा. या पाण्यातील बायकार्बोनेट माल्टच्या मिश्रणाची आम्लता दाबून ठेवते. मिश्रणाचा पीएच ५.२ ते ५.६ च्या दरम्यान असावा लागतो. तो त्याच्या वर गेला तर साखर नीट तयार होत नाही आणि टरफलातील टॅनिन रसात उतरते. काळ्या भाजलेल्या धान्याने आम्लता वाढते, म्हणूनच डब्लिनच्या जड पाण्यात स्टाउट उत्तम जमली. लाल एलमध्ये मात्र काळे धान्य जेमतेम ३० ग्रॅम असल्याने तेवढा आधार मिळत नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे गावोगावी मिळणारे आरओचे जारचे पाणी. १४.५ लिटर पाण्यात खाण्यायोग्य दर्जाचे कॅल्शियम क्लोराइड २ ग्रॅम आणि जिप्सम १ ग्रॅम विरघळवावे म्हणजे एन्झाइम्सना आणि यीस्टला लागणारे कॅल्शियम मिळते. क्लोराइडने माल्टची गोडी भरीव वाटते, म्हणून त्याचे प्रमाण मुद्दाम जास्त ठेवले आहे. आरओ मिळत नसेल तर पाणी पंधरा मिनिटे उकळून रात्रभर निवू द्यावे आणि तळाचा चुना न हलवता वरचे पाणी काढून घ्यावे. नगरपालिकेच्या पाण्यातील क्लोरीनही त्यातच बरेचसे निघून जाते. ते राहिले तर पुढे एलला औषधाच्या दुकानासारखा वास येतो आणि तो कशानेही जात नाही.

मॅश: ६७ अंशांवरचा तास

मॅश म्हणजे भरडलेले धान्य गरम पाण्यात ठेवून त्याचा गोड रस काढणे. यासाठी २० लिटरचे जाड बुडाचे स्टीलचे पातेले, त्यात पूर्ण मावेल अशी बारीक जाळीच्या पॉलिस्टर कापडाची पिशवी, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणि विश्वासू थर्मामीटर लागतो. थर्मामीटर उकळत्या पाण्यात आणि बर्फाच्या पाण्यात बुडवून आधी तपासावा. पुढची सगळी कृती त्याच्या आकड्यावर उभी आहे आणि स्वस्त थर्मामीटर दोन-तीन अंशांनी सहज खोटे बोलतात.

१४.५ लिटर पाणी ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून गॅस बंद करावा आणि पिशवी पातेल्यात लावून भरडलेले सगळे धान्य हळूहळू ओतावे. डाळीचे पीठ कढीत सोडताना हलवतो तसे हलवत राहावे म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मिश्रण आता ६७ अंशांच्या आसपास यायला हवे. उन्हाळ्यात धान्यच ३५ अंशांचे असते, तेव्हा पाणी ६९ अंशांवर पुरते.

या ६७ आकड्यामागे कारण आहे. जवातील एक एन्झाइम, बीटा-अमायलेज, साठ ते पासष्ट अंशांत जोमाने काम करते आणि यीस्टला पूर्ण पचणारी साखर देते. दुसरे, अल्फा-अमायलेज, त्याहून वर, सत्तरीच्या आसपास अधिक सक्रिय असते आणि यीस्टला न पचणारे लांब रेणूही मागे ठेवते. ६४ अंशांवर केलेली एल पाणचट आणि कोरडी होते, ७० अंशांवरची जड आणि गोडसर. लाल एलला दोन्हींचा मध्य हवा असतो.

पातेल्यावर झाकण ठेवून ते जुन्या गोधडीत गुंडाळावे आणि एक तास तसेच राहू द्यावे. अर्ध्या तासाने तापमान पाहावे. ते ६५ च्या खाली उतरले असेल तर पिशवी बुडापासून थोडी उचलून धरावी आणि मंद आचेवर ढवळत ते पुन्हा वर आणावे. तास संपला की रसाचा एक थेंब पांढऱ्या बशीत घेऊन, तो निवल्यावर त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. रंग निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी पंधरा मिनिटे थांबावे. आयोडीनचा रंग तसाच पिवळट-तांबूस राहिला तर काम झाले. तपासलेला थेंब फेकून द्यावा.

त्यानंतर मिश्रण ७६ अंशांपर्यंत तापवून दहा मिनिटे ठेवावे, म्हणजे रस पातळ होऊन सहज निथळतो. पिशवी उचलून पातेल्यावर आडव्या ठेवलेल्या चाळणीत निथळू द्यावी, हलक्या हाताने दाबावी, पिळून काढू नये. साधारण १३ लिटर रस मिळतो आणि त्याची घनता (पाणी १.००० धरले तर) १.०३५ च्या आसपास असते. घनता मोजणारा हायड्रोमीटर साधारणपणे २० अंशांसाठी बनवलेला असतो, म्हणून नमुना निववूनच मोजावा. तो ३० अंशांवर मोजला तर शेवटचा आकडा दोन-तीन घरांनी कमी दिसतो. उरलेला चोथा त्याच दिवशी गुरांच्या आंबोणात घालावा, कारण दुसऱ्या दिवशी तो आंबतो.

खान्देशातील वाचकाने इथे थांबावे. हॉप्स न घालता हा रस पंधरा मिनिटे उकळून, लगेच थंड करून फ्रिजमध्ये ठेवला तर दोन दिवस उत्तम माल्ट-पेय म्हणून पिता येतो. आल्याचा रस आणि लिंबू घातले की त्याची जड गोडी मोडते. तो बाहेर ठेवू नये, कारण आपल्या उन्हाळ्यात हवेतले जंतू एका दिवसातच त्याला आंबवू लागतात.

उकळी आणि हॉप्स

एल करायची असेल तर रस मोठ्या आचेवर उकळीला आणावा. पहिल्या दहा मिनिटांत फेस दुधासारखा वर येतो, त्यामुळे पातेल्यापाशी उभे राहावे आणि झाकण ठेवू नये. झाकणाखाली उकळल्यास शिजलेल्या मक्यासारखा वास देणारे गंधकयुक्त द्रव्य वाफेबरोबर बाहेर जाऊ शकत नाही. फेस बसला की ५ टक्के अल्फा आम्ल (कडूपणा देणारे द्रव्य) असलेले ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स १७ ग्रॅम टाकून तासभर उकळावे. पाकिटावर अल्फा आम्ल वेगळे छापलेले असेल तर त्या प्रमाणात वजन कमी-जास्त करावे. शेवटची पंधरा मिनिटे उरताना २ ग्रॅम आयरिश मॉस घालावा. हे आयर्लंडच्या किनाऱ्यावर मिळणारे समुद्री शेवाळ असून त्याने प्रथिनांचे कण एकत्र येऊन एल स्वच्छ होते. दहा मिनिटे उरताना आणखी ५ ग्रॅम हॉप्स घातले तरी चालतात, न घातले तरी बिघडत नाही. या प्रमाणातून २० ते २३ आयबीयू (कडूपणाचे माप) इतका कडूपणा येतो, जो गोडीला तोलण्यापुरता आहे. हॉप्सचे पाकीट उघडले की उरलेले हवाबंद करून फ्रीजरमध्येच ठेवावेत. उष्णतेत ते आठवड्यांतच जुन्या चीजसारखा वास देऊ लागतात.

उकळताना पातेल्यातला रस काळपट दिसतो आणि घाबरायला होते. काचेच्या पेल्यात थोडा घेऊन खिडकीच्या उजेडासमोर धरावा म्हणजे खरा, डाळिंबी रंग कळतो.

निवणे, यीस्ट आणि तापमान

उकळी थांबली की जे जे रसाला लागणार ते सगळे निर्जंतुक केलेले असावे: फर्मेंटर म्हणजे रस आंबवण्याचे भांडे, त्याचे झाकण, वायू बाहेर सोडून हवा आत न येऊ देणारा एअरलॉक, नळी, चमचा. आधी घासून स्वच्छ करावे आणि मग स्टार सॅनसारखे जंतुनाशक द्रावण वापरावे. घाणीवर औषध चालत नाही. पातेले पाण्याच्या टबात ठेवून, पाणी कोमट झाले की बदलून, शेवटी बर्फ टाकून रस शक्य तितक्या लवकर १८ ते २० अंशांवर आणावा. थंड देशात नळाचेच पाणी हे काम करते.

निवलेला रस तळाचा गाळ मागे ठेवून १५ लिटरच्या फर्मेंटरमध्ये ओतावा. ओतताना तो उंचावरून पडून खळखळला तर चांगलेच, कारण सुरुवातीला यीस्टला प्राणवायू लागतो. नंतर मात्र हवा शत्रू ठरते. या वेळी घनता १.०४४ च्या आसपास असावी. आता कोरड्या इंग्लिश एल यीस्टचे ११ ग्रॅमचे एक पाकीट वरून शिंपडावे. द्रवरूप आयरिश एल यीस्ट मिळत असेल तर ते अधिक अस्सल, पण ते उष्णतेत लवकर मरते, म्हणून दूरवरून मागवू नये.

यापुढे सगळे तापमानावर आहे. फर्मेंटरमधील द्रव १७ ते १९ अंशांवर राहायला हवा. केळी पिकवण्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये रावेर-सावदा पट्ट्यात जवळपास हेच तापमान ठेवले जाते, त्यामुळे आपल्या केळी-व्यापाऱ्यांना हा आकडा कसा राखतात हे पाठच असते. योगायोग असा की हे तापमान चुकले तर एलला वासही पिकल्या केळ्याचाच येतो. गरम पडलेले यीस्ट आयसोअमाइल ॲसिटेट जास्त तयार करते आणि पिकलेल्या केळ्याच्या वासातील मुख्य द्रव्य तेच आहे. केळीसाठी तो गुण, लाल एलसाठी दोष. २५ अंशांच्या पुढे तर जड अल्कोहोले तयार होतात आणि घशाला चटका बसतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या जळगाव-भुसावळात परवानाधारकालाही यंत्राने थंड केलेल्या टाकीवाचून हे जमणार नाही. डब्लिन किंवा लीड्समध्ये जिन्याखालचा कोपरा पुरतो. लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच की आंबताना द्रव स्वतःच उष्णता सोडतो आणि खोलीपेक्षा दोन ते चार अंशांनी गरम असतो. म्हणून थर्मामीटर भिंतीवर न लावता फर्मेंटरच्या अंगाला चिकटवावा.

पहिल्या दिवसाच्या आत बुडबुडे सुरू होतात, तीन-चार दिवसांत जोर ओसरतो. तेव्हा तापमान २० अंशांपर्यंत जाऊ द्यावे, कारण यीस्टने आधी सोडलेले डायॲसिटिल, म्हणजे लोण्याचा वास देणारे द्रव्य, ते स्वतःच परत शोषून घेते. एकंदर दोन आठवडे द्यावेत. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपले असे मानू नये. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली घनता तंतोतंत तीच, साधारण १.०११, आली तरच बाटल्या भराव्यात. ४.३ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल झालेले असते.

बाटल्या

साखर प्रत्येक बाटलीत चमच्याने मोजून टाकण्यापेक्षा ५० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून, निववून, १० लिटर एलमध्ये हळुवार मिसळावी आणि मग नळीने, फेस न करता, बाटल्या भराव्यात. हे प्रमाण मुद्दाम कमी आहे, कारण लाल एलला मंद वायू शोभतो. बाटल्या बिअरच्याच, जाड काचेच्या आणि तपकिरी हव्यात. पातळ काचेच्या सरबताच्या बाटल्या दाबाने फुटतात आणि काच अंगात घुसते, ही भीती काल्पनिक नाही. आंबणे अर्धवट असताना भरलेल्या किंवा गरम खोलीत ठेवलेल्या बाटल्यांत हा धोका सर्वाधिक असतो. पहिल्याच खेपेला जाड प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटल्या वापरल्या तर बोटाने दाबून वायू किती झाला हे कळते. उन्हापासून मात्र दोन्ही जपाव्यात, कारण प्रकाशाने हॉप्समधील द्रव्ये मोडून कुबट वास येतो.

२० अंशांच्या आसपास अंधारात दोन आठवडे, मग फ्रिजमध्ये आणखी एक आठवडा ठेवल्यावर ती पिण्याजोगी होते आणि तीन महिन्यांच्या आत संपवलेली बरी. ८ ते १२ अंशांवर प्यावी. बर्फासारखी थंड केली तर कॅरॅमल आणि भाजणी दोन्ही मुके होतात. काट्यांच्या धुरावर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी यांच्याशी तिची भाजकी बाजू चांगली जुळते. शेवभाजीच्या तिखटापुढे मात्र ती फिकी पडते. बाटली तिरकी धरून एकाच धारेत ओतावी आणि तळाचा बोटभर यीस्टचा गाळ मागेच ठेवावा. रिकामी बाटली लगेच गरम पाण्याने विसळून पालथी घालावी, कारण वाळलेला गाळ पुढच्या खेपेला ब्रशनेही सुटत नाही.